दुसरा घट

वाद घालायची मला लहानपणापासून खोड. आमच्या गावात म्हणायचे, गहिनीनाथाला सांगा की सूर्य पूर्वेला उगवतो, तो म्हणेल, चला दाखवा. मारुतीच्या पारावर बसून मी म्हाताऱ्या माणसांना गप्प केलं आहे, कीर्तनकाराला मध्येच थांबवलं आहे. आणि आयुष्यात एकदाच खरा वाद घालायची वेळ आली, तेव्हा माझी दातखीळ बसली. ती गोष्ट सांगतो. ऐकून मला काय म्हणायचं ते म्हणा. त्याहून वाईट मी स्वतःला कधीच म्हणून बसलो आहे.

निजामाच्या राज्यातलं फसली तेराशे तेवीसचं साल. आमचं गाव आष्टी तालुक्यात, कडा गावापासून कोसभरावर. घरात आम्ही तिघं. थोरला भाऊ आसाराम, त्याची बायको बायनाबाई आणि मी. आईबाप एका पाठोपाठ गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि बायनावहिनी नुकती नांदायला आलेली, चौदा-पंधरा वर्षांची. तिनं मला न्हाऊमाखू घातलं, माझ्या डोक्यातल्या उवा मारल्या, आणि मला आष्टीच्या मदरशात उर्दू शिकायला पाठवा म्हणून नवऱ्याशी आठ दिवस अबोला धरला. तिला स्वतःला मूल झालं नाही. गावात कुणाचं डोहाळजेवण असलं की बायका तिला बोलवायचं विसरायच्या, म्हणजे मुद्दाम विसरायच्या. त्या दिवशी माझ्या ताटात एक भाकरी जास्त पडायची. मी ती मुकाट्यानं खायचो. तेवढं मला कळत होतं.

त्या साली मी वीस वर्षांचा होतो. श्रावणात आमच्या शेजारच्या सुंदररावाच्या रानात बाजरी पिवळी पडायला लागली. गुडघ्याएवढं धाट धरून ओढलं की मूठभर मातीसकट हातात यायचं, खाली मुळंच नाहीत. उकरलं की हुमणी निघायची. पांढरी, करंगळीएवढी जाड, तपकिरी डोक्याची अळी, कानातल्या बाळीसारखी वळून पडलेली. बांधावर धुळाजी धनगर मेंढरं घेऊन उभा होता. तो म्हणाला, "मारून टाक बे तिला. हिचं पुढं मांडूळ होतंय."

"कुनी बगितलं?"

"माज्या बापानं."

"तुज्या बापानं हुमणी दाव्याला बांधून ठिवलती का, मांडूळ हुईस्तवर?"

धुळाजी चिडला. मला तेच हवं होतं. मी अळी मातीसकट पटक्याच्या शेवात बांधली आणि म्हणालो, हिचं काय होतं ते मी दाखवतो, मांडूळ झालं तर तुझी मेंढरं वर्षभर फुकट राखीन. एवढ्या क्षुल्लक गोष्टीवरून हे सगळं झालं.

घरी येऊन मी वहिनीच्या उतरंडीतलं सगळ्यात वरचं, लहान मडकं न विचारता काढलं. सुंदररावाच्या रानातली माती भरली, अळी सोडली आणि तोंडाला वहिनीच्या जुन्या लुगड्याचा हिरवा काठ फाडून बांधला. मडकं भावाच्या नजरेस पडू नये म्हणून उतरंडीच्या मागं अंधारात ठेवलं. वहिनीनं ते संध्याकाळीच हुडकलं.

"आरं बाबा, लोक शेळी पाळत्यात, म्हैस पाळत्यात. तू कीड पाळतुयास व्हय?"

"धुळाजीला खोटं पाडायचं हाय."

"मग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, आणि काठाची गाठ सोडून स्वतः नीट बांधली.

दर दोन दिवसांनी मी मडकं उपडं करून बघायचो. ते तिला आवडायचं नाही. "सारकं उकरू नको रं. निजल्यालं लेकरू कुनी हालवून बगतं का?" पुढं पुढं ते मडकं माझं कमी आणि तिचंच जास्त झालं. मी अर्ज लिहायचं काम शिकायला आष्टीला जायचो, आठ-आठ दिवस तिकडंच राहायचो. परत आलो की ती दारातच सांगायची, "तुजी म्हैस उपाशी न्हाई बरं." बाजरीची कोवळी मुळं ती त्यात खोचून ठेवायची, हातानं पाणी शिंपडायची. कधी कधी मला पलीकडून तिचं बोलणं ऐकू यायचं. स्वयंपाक करता करता ती मडक्याशी बोलायची, आज आमटीत मीठ जास्त पडलं, तांबडी गाय दूध देईना, असलं काहीतरी. मी हसायचो. आज हसू येत नाही.

भादव्याच्या शेवटी अळीनं खाणं सोडलं. मातीत तळाशी आवळ्याएवढी पोकळी करून ती आत बसली. वहिनीला वाटलं, मेली. मी म्हणालो, थांब, आता काहीतरी होणार.

मग घटस्थापना आली. आमच्याकडं देवीच्या घटाला शेतातली काळी माती आणतात, त्यात सात धान्यं पेरतात, वरून रोज पाणी आणि एक माळ. अंधारात धान्य पिवळंधमक वर येतं. घरात घट एकच मांडायचा असतो. वहिनीनं घट मांडला, तिच्या ओंजळीत मूठभर धान्य उरलं. देवीचं धान्य कोंबड्यांना कसं घालायचं? तिनं ते माझ्या मडक्यात पेरलं. म्हणाली, "तुजी म्हैस उठली तर तिला कवळं कवळं खायाला हुईल." मी आष्टीला निघायच्या घाईत होतो. बरं, म्हणालो.

एव्हाना गावात कुजबूज सुरू झाली होती. सुंदररावाची बाजरी गेली, त्याच्या पलीकडच्या दोघांची गेली, आमची मात्र उभी होती. खळ्यावर आमची रास पडली आणि शेजारी सुंदररावाच्या खळ्यावर नुसता भुसा. तो रोज आमच्या राशीकडं बघत उभा राहायचा. आमची का वाचली हे मलाही तेव्हा माहीत नव्हतं.

पाचव्या माळेला मी घरी होतो. सुंदररावाची बायको कौशल्याबाई घटाच्या दर्शनाला आली. देवीला हळदकुंकू वाहून पाणी प्यायला आत वळली आणि उतरंडीशेजारी वाकली. मडक्याच्या तोंडाला बांधलेल्या काठाच्या कडेनं पिवळे कोंब वर आले होते. ती किंचाळलीच. "आगं आई! हितं आनिक एक घट! आंधारात मांडलाय!"

पुढचं सगळं फार भराभर झालं. तिसऱ्या प्रहरापर्यंत कड्याचा देवऋषी आला. मडकं पारावर नेलं. सगळा गाव जमला. आसारामभाऊ पारापाशी खाली मान घालून उभा, वहिनी समोर, डोक्यावर पदर ओढून. मी तिसऱ्या रांगेत, लिंबाच्या खोडाला टेकून.

देवऋष्यानं हिरवा काठ सोडला, कोंब उपटले, मडकं उपडं केलं. मातीचा गोळा फुटला आणि आतून जे निघालं ते बघून पुढची माणसं मागच्यांच्या अंगावर गेली.

ती अळी नव्हती. पांढरी, मेणासारखी, बोटाच्या दोन पेरांएवढी एक बाहुली होती. खाली मान घातलेली, डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके, आणि छातीवर घडी घालून ठेवलेले हातपाय, हात जोडून बसलेल्या माणसासारखे. देवऋष्यानं काडीनं टोचलं तशी ती कमरेत वळवळली.

"जित्ती हाय!" कुणीतरी ओरडलं.

करणी करणारे बाहुली करतात, मेणाची किंवा कणकेची, हे पाळण्यातल्या पोराला ठाऊक. पण जिवंत बाहुली कुणी पाहिली नव्हती. देवऋष्यानं सुद्धा नसावी, कारण काडी टाकून तो दोन पावलं मागं सरला. मला मात्र एका क्षणात कळलं की ही माझीच हुमणी. दुसरं काही त्या मडक्यात नव्हतंच. ती काहीतरी होता होता मध्येच उघडी पडली होती.

"रानाचा जीव काडून हिच्यात घातलाय," देवऋषी म्हणाला. "भानामती हाय. मडकं कुनाचं?"

सुंदररावानं हिरवा काठ उचलून भावाच्या तोंडासमोर धरला. "ह्यो काठ वळकतूस का, आसाराम?"

आता बोलायचं होतं. मी एक पाऊल पुढं टाकलं असतं आणि म्हणालो असतो, मडकं मी ठेवलं, अळी मी आणली, धुळाजी साक्षीला आहे, तर काय झालं असतं? आज वाटतं, दोन थोबाडीत बसल्या असत्या. पण तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. तलवाड्याच्या चांगल्या घरातून मला मुलगी सांगून आली होती. दसऱ्याला पाहुणे सुपारी फोडायला येणार होते. भानामती करणाऱ्या पोराला कोण पोरगी देईल? मी धुळाजीकडं पाहिलं. तो मेंढरं सोडून जमिनीकडं बघत होता. त्यालाही गावातच राहायचं होतं.

वहिनीनं मान वर केली. गर्दीत तिनं मला शोधलं, सापडलो. फार वेळ पाहिलं नाही, एकदाच. आणि म्हणाली, "माजं हाय."

"कशाला मांडलंतं?" देवऋष्यानं विचारलं.

"मांडलं न्हाई. पाळलंतं."

ते ऐकून बायकांत गलका उठला. लेकरू होईना म्हणून रानाच्या जिवावर बाहुली पाळली, हेच आता सगळ्यांना पटलं. इतकी वर्षं तिला डोहाळजेवणाला न बोलवल्याचं पुण्य त्यांच्या पदरात पडलं. देवऋष्यानं गोवऱ्या पेटवून बाहुली त्यात टाकली. तेव्हा वहिनी पुढं धावली. "त्येला कशापायी जाळता? मला काय करायचं ती करा ना!" भावानं तिचा दंड धरून मागं ओढलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. चोर लिंबाला टेकून उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावानं गाडी जुंपली. तिचं माहेर पाटोद्याकडं. मी गोठ्यात वैरण टाकत राहिलो, एकच पेंढी चारदा सोडली आणि बांधली. ती गाडीत बसायच्या आधी गोठ्याच्या दारात आली. मला वाटलं, आता विचारेल. ती म्हणाली, "रांजण भरून ठिवलाय. भाकरी टोपलीत हाय, दोन दिस पुरंल." मी हो म्हणालो. एवढंच बोललो. दसऱ्याला पाहुणे आले, सुपारी फुटली, मी पेढा खाल्ला.

पण डोक्यातला किडा गप्प बसेना. कार्तिक लागला तसा मी कुदळ घेऊन सुंदररावाच्या रिकाम्या रानात गेलो. हातभर खाली तशाच पोकळ्या सापडल्या. काहींत पांढऱ्या बाहुल्या, काहींत तपकिरी, कडक पाठीचे भुंगेरे, नुसते गप्प बसून राहिलेले. एक बाहुली मी खापरात ओल्या मातीत घालून गोठ्यात, गव्हाणीमागं लपवली. नवव्या दिवशी तिच्या पाठीवर चीर पडली. हात जोडून बसलेलं ते पांढरं माणूस हळूहळू कात टाकून बाहेर आलं, आणि भुंगेरा झालं. आधी दुधाळ, दुपारपर्यंत तपकिरी. हाच भुंगेरा वळवाच्या दिवसांत दिवेलागणीला बोरीबाभळींवर झोंबतो, पानं खातो, दिव्यावर आदळतो. शेंबड्या पोरालाही तो माहीत होता. फक्त तो कुठून येतो हे कुणाला माहीत नव्हतं.

आणि मग सगळंच उलगडलं. सुंदररावाच्या बांधावर तीन बोरी आहेत. आमच्या बांधावरची बोर भावानं आदल्या साली कुंपणासाठी तोडली होती. भुंगेरे बोरीवर जमले, खालच्या मातीत अंडी घालून गेले, अळ्या झाल्या, मुळं खाल्ली. भानामती नाही, काही नाही. बोरीचं झाड होतं, एवढंच.

पारावरचं माझं गप्प राहणं मी भेकडपणा म्हणून स्वतःला माफ करू शकतो. वीस वर्षांचा होतो, घाबरलो. पण आता पुरावा माझ्या मुठीत होता, पाय मारत होता, तळहाताला टोचत होता. पारावर जाऊन मूठ उघडायची, बस्स. मी उघडली नाही. लोक विचारतील, तुला कसं रे माहीत? म्हणून म्हणालो, माघात लग्न आहे, ते होऊ दे. लग्न झालं, छबुबाई घरात आली. म्हणालो, नवी नवरी आहे, जरा रुळू दे. फाल्गुनात भावानं दुसरी बायको केली. मग म्हणालो, आता बोलून काय उपयोग? वाद घालणाऱ्या माणसाला स्वतःला गप्प करायला कारणं कमी पडत नाहीत.

पुढच्या साली हुमणी पुन्हा आली. वहिनी नव्हती तरी आली, आणि आमच्याही रानात आली; तोडलेली बोर तोवर पुन्हा फुटली होती. गावानं तोंडातून वहिनीचं नाव काढलं नाही. तिला घालवून रान वाचलं नव्हतं, एवढं कबूल करण्याइतकीही लाज कुणाला वाटली नाही.

सात वर्षं अशी गेली. सातव्या साली, वैशाखात, माझ्याच बाजरीच्या काळजीनं मी तोंड उघडलं. पारावर बसून मातीचा गोळा फोडला, भुंगेरा दाखवला, बोरीचं सांगितलं. मला वाटलं होतं आकाश कोसळेल. सुंदरराव म्हणाला, "आसंल बाबा." धुळाजी म्हणाला, "तरी काई काई हुमण्यांचं मांडूळ होतंयच." त्या साली दिवेलागणीला सगळ्यांनी बोरी हलवल्या, भुंगेरे गोळा करून जाळले, बाजरी बरी आली. तुला कसं माहीत, असं मला एकानंही विचारलं नाही. ज्या प्रश्नाच्या भीतीनं मी एका बाईचा संसार जाऊ दिला, तो प्रश्न कुणाच्या डोक्यातच नव्हता.

आता ही शुभवार्ता वहिनीला सांगावी असं मला वाटलं. खरंच, तेव्हा मला ती शुभवार्ता वाटली. वरातीमागून घोडं नेणाऱ्याला घोड्याचाच अभिमान असतो. चुन्याच्या डबीत ओली माती घालून एक भुंगेरा घेतला आणि पाटोद्याच्या वाटेला लागलो.

ती आपल्या भावाच्या, उत्तरेश्वराच्या, ओसरीवर चिंच फोडत बसली होती. केस पांढरे व्हायला लागले होते. मला पाहून तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "लई वाळलास रं गहिनी. बायकू खायाला घालत न्हाई का?"

मी पायावर डोकं ठेवलं. मग डबी उघडून तिच्यासमोर धरली. सगळं सांगितलं. ती बाहुली नव्हती, करणी नव्हती, हुमणीचंच असं होतं, आधी बाहुली आणि मग हे. भुंगेरा मातीतून वर आला आणि डबीच्या काठावर चढला. वहिनीनं बोट पुढं केलं, तो तिच्या बोटावर आला. ती हसली.

"आसं झालं आसतं व्हय तिचं," ती म्हणाली. "म्या मातर लई दिस इचार केला. काय झालं आसतं तिचं, जाळलं नसतं तर?"

मग बोटावरच्या भुंगेऱ्याकडं बघत तिनं विचारलं, "तुला कवा कळलं?"

कालपरवा, असं म्हणता आलं असतं. ओठावर आलं होतं. पण तिच्याशी निदान एकदा तरी खरं बोलावं म्हणून म्हणालो, "त्याच साली. कार्तिकात."

तिचं बोट थांबलं.

"कार्तिकात," ती म्हणाली. "मार्गशिर्सात ते आलते हितं."

"कोन?"

"तुजा भाऊ. कुनाला न सांगता आलते. हितंच बसलते, तू बसलास तितंच. म्हनले, बायना, मला येकदाच खरं सांग, मडक्यात त्ये काय हुतं? सांगितलंस तर आत्ता गाडीत घालून नेतो, गाव गेलं चुलीत." तिनं भुंगेरा हळूच डबीत सोडला. "मी काय सांगनार? हुमणीची बाहुली कशी झाली, मलाच ठावं नव्हतं. तुजं नाव तर घ्यायचं नव्हतं. मी म्हनले, ठावं न्हाई. ते लई येळ बसले. मग उठून गेले."

 मार्गशीर्षात तो भुंगेरा आमच्या गोठ्यात, गव्हाणीमागं, खापरात जिवंत होता. भाऊ रोज त्याच गव्हाणीत बैलांना वैरण टाकत होता.

वहिनीनं डबीचं झाकण लावलं आणि ती माझ्या हातात दिली. राग तिच्या तोंडावर नव्हता. असता तर बरं झालं असतं. चिंचेचे हात पुसून ती आत गेली, थोड्या वेळानं ताट घेऊन आली, माझ्यासमोर ठेवलं. दोन भाकरी होत्या, पिठलं होतं. मी खाली मान घालून खायला लागलो. दुसरी संपत आली तेव्हा ती आतून आणखी एक घेऊन आली आणि न विचारता माझ्या ताटात टाकली.

मी तीही खाल्ली.